बेसवाला पुण्याला गेला, मग आवाज कुठे गेला?

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याच्या बँडमधला बेस गिटार वाजवणारा पोरगा नोकरीला पुण्याला गेला. सोलापुरात ही काही बातमी नव्हे. हुतात्मा एक्सप्रेस रोज सकाळी अशी किती पोरं घेऊन जाते. पण हा बँड चौघांचा होता, तो तिघांचा झाला. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सराव आटोपून भाचा थेट माझ्या दुकानात आला आणि स्टुलावर बसला.

"मामा, गाणी तीच आहेत, अ‍ॅम्प तेच आहेत, आम्ही तिघंही तेच. पण आवाजच गेला. आता नवा बेसवाला शोधायचा, का बंद करायचं?"

माझं दुकान स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं. लग्नाच्या बँडच्या गाडीवरचे कर्णे, मंडळांचे बेस बॉक्स, देवळातले माइकसेट, सगळं या टेबलावरून जातं. भाचा वाजवतो त्या संगीताला गॅरेज पंक म्हणतात. मी ते पहिल्यांदा ऐकलं कॉलेजात असताना, मित्राने मुंबईहून आणलेल्या एका कॅसेटवर. मला वाटलं टेपचं हेड घाण झालंय. स्पिरिटने हेड पुसलं, कॅसेट पुन्हा लावली. आवाज तसाच फाटका. तिसऱ्यांदा लावली तेव्हा कळलं की हा आवाज असाच आहे, आणि तो मला सोडवेना.

म्हणून भाच्याच्या प्रश्नाला "बघू, मिळेल कुणीतरी" एवढं उत्तर देणं जमलं नाही. एक माणूस गेला की आवाज का बदलतो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी गॅरेज

गॅरेज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्रकखाली झोपलेला मेकॅनिक येतो. अमेरिकेत घराला लागून गाडी लावायची एक खोली असते, ते त्यांचं गॅरेज. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर पहिल्यांदा वाजवले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिलं. गावोगावची पोरं आधीही वाजवत होतीच, पण त्या रात्रीनंतर जणू पूर आला. शाळकरी पोरांनी स्वस्तातल्या गिटार घेतल्या, बापाची गाडी बाहेर काढली आणि त्या खोलीत सुरू केलं. शिकवायला कुणी नाही. खोली छोटी, भिंती कडक, त्यामुळे आवाज आपटून परत अंगावर येणार. ड्रमपुढे ऐकू जावं म्हणून छोट्याशा अ‍ॅम्पचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं.

सगळी गंमत त्या 'शेवटपर्यंत फिरवण्यात' आहे.

माझ्या टेबलावर एक जुना ऑसिलोस्कोप आहे. आवाजाची लाट पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. भाच्याला मी तो सुरू करून दाखवला. गिटारची एक तार हळू छेडली की पडद्यावर गोल माथ्याच्या टेकड्या दिसतात. अ‍ॅम्पचं बटण फिरवत गेलं की टेकड्या उंच होत जातात. पण अ‍ॅम्पला आतून जेवढे व्होल्ट मिळतात, त्याच्या वर तो लाट नेऊ शकत नाही. छताला डोकं लागल्यासारखं होतं. तरीही बटण फिरवलं तर टेकडीचा माथा कापला जातो आणि वर सपाट पठार उरतं. आम्ही याला 'क्लिप झालं' म्हणतो, आणि मांडवातला साउंडवाला याच गोष्टीला घाबरून असतो, कारण अशाने स्पीकर जळतात.

आता महत्त्वाचं. माथा कापलेली लाट कानाला पहिल्यासारखी एकाकी ऐकू येत नाही. १०० हर्ट्झचा साधा स्वर दोन्ही बाजूंनी सारखा कापला, तर त्याच्याबरोबर ३००, ५००, ७०० हर्ट्झचे नवे स्वर तयार होतात. तार एकच, पण तिच्या मागे एक घोळका उभा राहतो. तीन पोरं दहा जणांसारखी वाजतात ती यामुळे. पुढे लोक मुद्दाम असा आवाज काढू लागले. लिंक रे नावाच्या गिटारवाल्याने १९५८ मध्येच, म्हणजे बीटल्सच्याही आधी, 'रंबल' नावाच्या धुनेसाठी पेन्सिलीने स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली होती. त्या धुनेत एकही शब्द नाही, तरी काही शहरांतल्या रेडिओने ती लावायला नकार दिला. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकरचा कोन, म्हणजे आतला कागदी शंकू, चिरला. माझ्याकडे लोक फाटलेला कोन घेऊन येतात, मी व्हॉइस कॉइल तपासतो, कोन बदलतो, डिंक वाळेपर्यंत वजन ठेवतो. तरीही मला डेव्ह डेव्हिसचं म्हणणं पटतं. कागद चिरल्यावर तो थरथरतो, फडफडतो, आणि त्या फडफडीत राग ऐकू येतो. स्वच्छ स्पीकरमधून तो राग येत नाही.

सा, प आणि मधला हिशेब

गॅरेज पंकचे गिटारवाले पूर्ण कॉर्ड, म्हणजे तीन किंवा अधिक स्वर एकदम, फार कमी वाजवतात. फक्त दोन स्वर घेतात, सा आणि प. तानपुऱ्यावर असतात तेच. कारण साधं आहे. अ‍ॅम्प क्लिप होत असताना त्यात गंधार घातला की स्वर एकमेकांत घुसतात आणि चिखल होतो. सा आणि प यांचं नातं २ ला ३ असं सरळ आहे, त्यामुळे ते मारहाणीतही उभे राहतात.

याहून सुंदर एक गोष्ट आहे, जी मी भाच्याला वहीवर मांडून दाखवली. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर साधारण ८२ हर्ट्झचा स्वर देते. तिचा पंचम साधारण १२३ वर येतो. दोन्ही एकदम क्लिप होणाऱ्या अ‍ॅम्पमधून गेले की अ‍ॅम्प त्यांची वजाबाकीही करतो. १२३ वजा ८२, म्हणजे ४१. आणि ४१ हर्ट्झ हा बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर आहे, बरोबर एक सप्तक खाली. कुणीही न वाजवलेला खर्ज तिथे अंधुकसा तयार होतो. छोटा स्पीकर तो नीट बाहेर टाकू शकला नाही, तरी वरच्या स्वरांवरून कान तो खर्ज मनाने भरून काढतो.

भाच्याने वहीतला तो ४१ चा आकडा पेनाने दोनदा गोल केला.

मग आवाज गेला कसा? कारण अंधुक आणि खरा यात फरक आहे. या पोरांचा सराव चालतो पूर्व भागातल्या एका बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये. शेड ड्रमवाल्याच्या घरची. कोपऱ्यात दोन माग प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकलेले आहेत, आणि खिडकीजवळचा एक पत्रा सैल आहे. बेसवाला जाड तार दाबून वाजवायचा तेव्हा तो पत्रा झर्रर्र असा बोलायचा. रेकॉर्डिंगमध्ये नको म्हणून पोरांनी एकदा त्यावर वीट ठेवली होती, मग त्यांनाच करमेना, काढून टाकली. बेसवाला गेला त्या रविवारी पत्रा गप्प होता. ड्रमवाला म्हणाला, "पत्रा बंद पडला बे."

एक जरा वेगळं सांगतो. या पोरांनी जुनं आणि नवं रेकॉर्डिंग मोबाईलवर मित्रांना ऐकवलं, तर मित्र म्हणाले फरकच कळत नाही. खरंच कळत नसणार. मोबाईलचा स्पीकर ४१ हर्ट्झच्या आसपासही पोचत नाही. बँडचा आवाज बदलला की नाही हे ठरवायचं तर मोठ्या पेटीवर ऐका, निदान चांगल्या इअरफोनवर.

कमी माणसं, जास्त भार

लग्नाच्या बँडमध्ये वीस-पंचवीस माणसं असतात. एक क्लॅरिनेटवाला आजारी पडला तर वरातीतल्या कुणाला पत्ता लागत नाही. सूर कुणीतरी उचलतं. गॅरेज पंकच्या बँडमध्ये चार माणसं, कधी तीन, कधी दोन. कुणीच दुसऱ्याची जागा झाकत नाही. सोलापुरात याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. बारीक सुताच्या तलम कापडात एक धागा तुटला तर भिंग लावून बघावं लागतं. आपल्या चादरीचं सूत जाड. तिच्यात एक धागा चुकला तर खाटेवर पसरल्यावर दारातून दिसतो.

दुसरं कारण हाताचं. या बँडवाल्यांपैकी बरेच जण कुठल्या शाळेत शिकलेले नसतात, त्यामुळे प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. शिकलेला ड्रमवाला गेला तर तसाच शिकलेला दुसरा मिळतो. भाच्याचा ड्रमवाला लेझीम पथकात हलगी वाजवत मोठा झाला. तो स्नेअर या छोट्या ड्रमवर जो कडक, किंचित घाईचा ठेका टाकतो, तो पुस्तकातून काढता येणार नाही. त्याच्या जागी उद्या पुण्या-मुंबईचा कितीही तयारीचा वादक आणा, गाणं दुसरंच होईल.

आणि कधी कधी चूकच आवाज ठरते. ६ एप्रिल १९६३ ला पोर्टलंड शहरात किंग्समेन नावाच्या पोरांच्या बँडने 'लुई लुई' हे गाणं रेकॉर्ड केलं. गाणं मूळचं रिचर्ड बेरीचं, १९५७ सालचं. खर्च ५० डॉलरच्या आसपास. माइक उंच टांगलेला, आणि गायक जॅक इली मान वर करून त्याकडे ओरडतोय. मधल्या गिटारनंतर तो गायला चुकून आधीच सुरुवात करतो, चूक लक्षात येताच थांबतो, आणि ड्रमवाला लिन ईस्टन एक फटकारा मारून ती जागा भरतो. चूक तशीच ठेवली गेली. शब्द इतके अस्पष्ट की त्यात अश्लील काही आहे का, याची एफबीआयने चौकशी केली आणि कुठल्याही वेगावर वाजवून काही कळत नाही असा निष्कर्ष काढला.

मला त्या गाण्याइतकीच त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. बँडचं नाव ईस्टनच्या आईने नोंदवलेलं होतं. थोड्याच महिन्यांत ईस्टन म्हणाला, आता मी गाणार, तू ड्रमवर बस. इली निघून गेला. आणि मग गाणं गाजलं, अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. रेकॉर्डवर आवाज इलीचा, टीव्हीवर ओठ हलवणारा ईस्टन. कागदावर बँड कुणाचा आणि कानाला बँड कुणाचा, ही दोन उत्तरं वेगळी असू शकतात. आपल्याकडच्या फुटलेल्या तमाशाच्या फडांना हे नव्याने सांगायला नको.

या सगळ्या पोरांच्या बँडना 'पंक' हे नाव बऱ्याच नंतर चिकटलं. १९७२ मध्ये लेनी के याने अशी २७ विस्मरणात गेलेली गाणी 'नगेट्स' नावाच्या दोन तबकड्यांच्या संचात गोळा केली आणि सोबतच्या मजकुरात 'पंक रॉक' हा शब्द वापरला. लंडनचे रंगीत केसवाले पंक त्यानंतर चार वर्षांनी आले.

स्टूजेस: एकाच नावाचे तीन बँड

भाच्याला खरं समजावलं ते या बँडच्या आधाराने, म्हणून इथे जरा थांबतो.

१९६७ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात चौघं जमले. रॉन अ‍ॅशटन गिटारवर, त्याचा भाऊ स्कॉट ड्रमवर, डेव्ह अलेक्झांडर बेसवर, आणि गायला इगी पॉप, जो आधी स्वतः ड्रम वाजवायचा. १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये रॉनची गिटार जड, सावकाश, घोंगावणारी आहे. 'आय वॉना बी युवर डॉग' या गाण्यात तीन कॉर्ड एकामागून एक खाली उतरतात आणि संपेपर्यंत तेच चालू राहतं. अल्बमचा निर्माता जॉन केल त्यावर पियानोचा एकच स्वर सतत ठोकत राहतो. माग चालल्यासारखा. पूर्व भागात वाढलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं.

दुसरा अल्बम 'फन हाउस', १९७०. निर्माता डॉन गलुची. हाच गलुची किंग्समेनच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये की-बोर्ड वाजवत होता! त्याने स्टुडिओतले गालिचे आणि आवाज शोषणारं सामान काढून टाकलं, खोली उघडी केली आणि बँडला स्टेजवर वाजवतात तसं एकत्र वाजवायला लावलं. इगीच्या हातात माइक. म्हणजे त्याने त्यांना पुन्हा गॅरेजमध्ये नेलं. सोबत स्टीव्ह मॅकाय हा नवा सॅक्सोफोनवाला. तो आल्यावर काय झालं बघा. चौघांच्या आवाजात आधी एकच ओरडणारा होता, इगी. आता दुसरा ओरडणारा आला, त्यामुळे गाण्यांची लांबी वाढली आणि शेवटी शेवटी सगळं विस्कटू लागलं. मला हा अल्बम सगळ्यात प्रिय आहे. त्या दिवसांतले सगळे टेक, म्हणजे रेकॉर्ड केलेली प्रत्येक वेळची वाजवणी, १९९९ मध्ये सात सीडींत निघाले. तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवताना हळूहळू कसं तापत जातं, ते त्यात ऐकता येतं.

१९७० च्याच ऑगस्टमध्ये गूज लेकच्या महोत्सवानंतर डेव्ह अलेक्झांडरला काढलं. कारण वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं की तो नशेत स्टेजवर नुसता उभा राहिला, वाजवलंच नाही. २०२० मध्ये त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बाहेर आलं. त्यात बेस वाजतोय. अलेक्झांडर मात्र १९७५ मध्येच गेला होता, २७ व्या वर्षी. कुणाला बँडमधून काढलं याची गोष्ट आणि टेपवरचा आवाज, यात मी तरी टेपवर विश्वास ठेवतो.

त्यानंतर आला जेम्स विल्यमसन. तोही गिटारवालाच. १९७२ मध्ये इगी आणि तो लंडनला गेले. तिथले ड्रमवाले, बेसवाले त्यांना पटेनात, म्हणून अ‍ॅशटन बंधूंना बोलावलं. रॉनला सांगितलं, गिटार विल्यमसन वाजवेल, तू बेस घे. ज्याच्या गिटारवर बँड उभा राहिला त्याच्या हातात बेस! रॉनला ते लागलं, आणि पुढे त्याने ते बोलूनही दाखवलं. पण आवाजाच्या हिशेबाने बघा. विल्यमसनचा हात वेगवान, धारदार, सतत पुढे धावणारा. आणि खाली बेसवर गिटारवाल्याची बोटं, जी एका जागी स्वस्थ बसत नाहीत. १९७३ चा 'रॉ पॉवर' हा अल्बम ऐकला आणि 'फन हाउस' ऐकला, तर नाव झाकून ठेवल्यावर हे एकाच बँडचे आहेत असं कुणी सांगणार नाही. एक बैलगाडीसारखा जमीन हादरवत येतो. दुसरा पात्यासारखा.

'रॉ पॉवर'ची आणखी एक गोष्ट माझ्या धंद्यातली. त्याचं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज जुळवून एक करणं, इंग्लंडचा गायक डेव्हिड बोवी याने एका दिवसात केलं. त्याने सांगितल्याप्रमाणे टेपवर चोवीस पट्ट्यांपैकी फक्त तीनच वापरलेल्या होत्या: एकीवर सगळी वाद्यं, एकीवर मुख्य गिटार, एकीवर गळा. मग करणार काय? गळा आणि गिटार वर आले, ड्रम आणि बेस मागे पडले. १९९७ मध्ये इगीने तोच अल्बम स्वतः पुन्हा मिक्स केला, इतका मोठ्या आवाजात की ऑसिलोस्कोपवर लावला तर माथे सरळ कापलेले दिसतात. वाजवणारे तेच, त्या दिवसाची वाजवणी तीच, आवाज दोन. म्हणजे मिक्स करणारा हाही बँडमधला एक माणूसच धरायला हवा.

१९७४ मध्ये बँड मोडला आणि २००३ मध्ये पुन्हा उभा राहिला. रॉन परत गिटारवर, बेसला माइक वॉट. आता ऐका. रॉन गिटारवर होता तोवर स्टेजवर प्रामुख्याने पहिल्या दोन अल्बमची गाणी होत. जानेवारी २००९ मध्ये रॉन वारला. विल्यमसन मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर होऊन सोनी कंपनीत मोठ्या पदावर होता. त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तीस-पस्तीस वर्षांनी गिटार गळ्यात अडकवली. आणि स्टेजवर 'रॉ पॉवर'ची गाणी परतली.

नाव एकच होतं. पण गाणी नावाच्या मालकीची नव्हती, हातांच्या मालकीची होती. हात आला की गाणं यायचं, हात गेला की गाणंही जायचं.

ज्यांनी बेस ठेवलाच नाही

यावर भाचा म्हणाला, "म्हणजे आमची गाणी गेलीच की."

काही गेली, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्यांची तीन गाणी बेसच्या चालीवरच बांधलेली आहेत. ती तिघांनी ओढून-ताणून वाजवू नयेत. पण बेस गेला म्हणजे बँड गेला, हे मला मान्य नाही, कारण या संगीतात बेस नसलेले बँड मोठे झाले आहेत.

न्यूयॉर्कमध्ये १९७६ च्या सुमारास क्रॅम्प्स उभा राहिला. दोन गिटार, एक ड्रम, एक गळा. सुरुवातीची दहाएक वर्षं बेस नव्हता. पॉयझन आयव्हीची गिटार स्वच्छ आणि टोकदार, तर दुसरी गिटार फाटकी, घरघरणारी, खालची जागा धुराने भरणारी. १९८६ च्या अल्बममध्ये बेस आला तो आयव्हीनेच वाजवला. त्यांचा आधीचा आवाज पोकळ घरासारखा आहे, आणि ती पोकळीच ऐकायला मजा येते. डेट्रॉइटचा व्हाइट स्ट्राइप्स तर दोघांचाच, १९९७ पासून २०११ पर्यंत, फक्त जॅक आणि मेग व्हाइट. २००३ मध्ये निघालेली आणि पुढे जगभर स्टेडियमांत घुमलेली त्यांची 'सेव्हन नेशन आर्मी'ची ती खर्जातली धून बेसवर वाजवलेलीच नाही. गिटारचा स्वर पायाने दाबायच्या पेडलने एक सप्तक खाली उतरवला आहे. मेगचे ड्रम साधे म्हणून तिला लोकांनी नावं ठेवली. मला ती माणसं चुकीची वाटतात. ती जागा सोडत होती म्हणून जॅकला ती भरता येत होती.

उलट्या टोकाला ओसीज. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन ड्वायरने १९९७ च्या आसपास सुरू केलेलं हे प्रकरण आधी एकट्याचं, कुजबुजत्या गाण्यांचं होतं. मग ब्रिजिड डॉसनचा गळा आणि की-बोर्ड आला, बँड उड्या मारायला लागला. २०१३ च्या शेवटी तो थांबला, ड्वायर लॉस एंजेलिसला गेला, आणि २०१५ पासून दोन ड्रमवाले शेजारी-शेजारी बसवून नवा आवाज घेऊन आला. गाणी लांब झाली, तंद्री लावणारी झाली. मिरवणुकीत एका हलगीला दुसरी भिडली की अंगात काय होतं, ते ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. ड्वायरने वेळोवेळी बँडच्या नावाचं स्पेलिंगही बदललं. ओसीएस, दी ओ सीज, ओ सीज, ओसीज. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. आवाज बदलला, पाटीही बदलली.

तर भाच्याला माझा सल्ला असा होता. गेलेल्या पोराची नक्कल करणारा बेसवाला शोधू नका. तो दर रविवारी दुसऱ्याचे कपडे घालून आल्यासारखा दिसेल, आणि तुम्ही त्याला सतत "तो असं वाजवायचा" म्हणत राहाल. कुणी स्वतःच्या हाताचा माणूस आपणहून आला तर घ्या, आणि त्याच्यासाठी नवी गाणी करा. तोवर तिघंच राहा, पण चौथा आजारी आहे अशा थाटात वाजवू नका. रिकामी जागा कुणी भरायची ते ठरवा. गिटार खाली उतरेल का? ड्रमवाल्याचा खालचा ड्रम जास्त बोलेल का? की ती जागा तशीच मोकळी ठेवायची?

परवा रविवारी मी शेडवर गेलो. बेसवाल्याची पंधरा इंची पेटी तिथेच होती, पुण्याच्या खोलीत ती मावणार नव्हती. तिचा कोन मागच्या वर्षी मीच बदललेला. आम्ही गिटारची वायर दोन वाटांनी काढली, एक नेहमीच्या अ‍ॅम्पला, दुसरी या पेटीच्या अ‍ॅम्पला, आणि दुसऱ्याचं ट्रेबलचं बटण पूर्ण बंद केलं. उन्हाने शेड भट्टीसारखी तापली होती, पंखा बंद, कारण पंख्याचा गुंजारव गिटारमध्ये येतो. भाच्याने जाड तार मोकळी सोडली, शेजारी पंचम दाबला आणि दोन्ही एकदम मारले.

पहिल्यांदा काही नाही. बटण आणखी थोडं फिरवलं. पुन्हा मारले.

खिडकीजवळून बारीक कुरकुर आली. पूर्वीसारखी झर्रर्र नाही, जरा घोगरी, जरा उशिरा. ड्रमवाल्याने काठ्या हवेतच धरल्या आणि मान वळवून पत्र्याकडे पाहिलं.

"परत मार बे," तो म्हणाला.